रहस्य फुटल्यानंतर

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका सुटीच्या दिवशी मी वाचनालयातून एक इंग्रजी कादंबरी घरी आणली. जेवणे आटोपली होती, बाहेर पावसाने झड धरली होती, आणि निदान संध्याकाळपर्यंत कोणी येण्याचा संभव नव्हता. खुनाची गोष्ट वाचण्यास याहून अनुकूल काळ क्वचितच सापडतो. मोठ्या हौसेने पहिले पान उघडले. तो पहिल्याच प्रकरणाच्या मथळ्यातील एका नावाखाली पेन्सिलीची जाड रेघ, आणि शेजारच्या समासात सुवाच्य मराठीत दोनच शब्द: 'खुनी हाच.' लिहिणारा पूर्णविराम द्यावयासही विसरला नव्हता.

त्या अज्ञात सभासदाविषयी त्या क्षणी माझ्या मनात जे विचार आले ते येथे लिहिण्याजोगे नाहीत. आपल्या दंडविधानात पानाआड दडून केलेल्या या अपराधाला कलम नाही, ही उणीव मला तेव्हा फार जाणवली. पुस्तक मिटून ठेवले. घटकाभराने, घरात दुसरे न वाचलेले पुस्तक नाही असे पाहून, पुन्हा उघडले. आणि दिवेलागणी कधी झाली हे कळले नाही. रात्री पुस्तक संपले तेव्हा राग ओसरला होता, पण एक प्रश्न मात्र डोक्यात राहिला, तो आजतागायत तेथेच आहे. ज्या कथेचा सारा जीव रहस्यात असतो असे आपण समजतो, तिचे रहस्य आधीच फुटलेले असताना मी इतक्या तन्मयतेने वाचीत होतो ते काय?

या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही, आणि त्याचे एक कारण अगदी साधे आहे. वाङ्मयाचा हा एकच प्रकार असा आहे की, ज्याच्या टीकाकाराने शेवटाविषयी मौन पाळावे असा सार्वत्रिक संकेत आहे. 'शाकुंतला'वर लिहिणाराने अखेरीस राजाराणीची भेट होते ही गोष्ट लपवून ठेवावी अशी अपेक्षा कोणी करीत नाही. रहस्यकथेच्या समालोचकाला मात्र नेमक्या त्याच ठिकाणी तोंडावर बोट ठेवावे लागते. मग तो बिचारा 'उत्कंठावर्धक', 'शेवटपर्यंत खिळवून ठेवणारी' अशी जाहिरातीतील विशेषणे वापरून मोकळा होतो. ज्या दगडावर कमान तोलली आहे त्या दगडाकडे न पाहता कमानीचे परीक्षण करावयाचे, असा हा प्रकार आहे. तेव्हा प्रस्तुत लेखात तो संकेत मी जाणूनबुजून मोडणार आहे. ती कादंबरी अगाथा ख्रिस्ती या लेखिकेची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' ही होय. ती १९२६ साली प्रसिद्ध झाली. ज्यांनी ती वाचलेली नाही व पुढे वाचावयाची आहे, त्यांनी हा लेख येथेच बाजूस ठेवावा. पेन्सिलवाल्याने मला दिला नाही तेवढा अवधी मी त्यांना देत आहे.

कथानक थोडक्यात असे: किंग्ज अ‍ॅबट नावाच्या एका इंग्लिश खेड्यात मिसेस फेरार्स ही श्रीमंत विधवा झोपेच्या औषधाचा अतिरेक होऊन मरण पावते. वर्षापूर्वी आपल्या दारुड्या नवऱ्याला तिने विष घातले होते आणि कोणी तरी ते ओळखून तिच्याकडून सतत पैसे उकळीत होते. मरण्यापूर्वी ती ही हकीकत रॉजर अ‍ॅक्रॉइड या गृहस्थास सांगते. पैसे उकळणाऱ्याचे नाव कळविणारे तिचे पत्र तिच्या मृत्यूनंतर त्याच्या हाती पडते, आणि त्याच रात्री अभ्यासिकेत त्याचा खून होतो. निवृत्त होऊन भोपळे पिकवीत बसलेला पॉयरो हा प्रसिद्ध बेल्जियन शोधक शेजारीच राहत असतो, तो तपास हाती घेतो. ही सर्व हकीकत आपल्याला सांगतो तो गावचा डॉक्टर शेपर्ड. मनमिळाऊ, थोडासा विनोदी, बहिणीच्या चौकसपणाने त्रासलेला असा हा गृहस्थ पॉयरोबरोबर हिंडतो व टिपणे ठेवतो. शेरलॉक होम्सच्या शेजारी डॉक्टर वॉटसन असतो, तसा हा. आणि खुनी हाच.

पुस्तक प्रसिद्ध होताच पुष्कळ वाचक संतापले. जो आपल्या हाताला धरून चालवितो तोच चोर निघावा, हे खेळाच्या नियमांत बसत नाही असे त्यांचे म्हणणे पडले. पुढे १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या धर्मोपदेशक लेखकाने रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले, त्यांत शोधकाच्या मित्राने आपल्या मनातील विचार वाचकापासून लपवू नयेत असाही एक नियम आहे. उलट डोरोथी सेयर्स या लेखिकेने ख्रिस्तीबाईंची बाजू घेतली. प्रत्येकाचा संशय घेणे हे वाचकाचे कामच आहे, असा तिचा अभिप्राय. हा वाद किती काळ चालावा? १९९८ साली प्येर बायार या फ्रेंच प्राध्यापकाने एक अख्खा ग्रंथ लिहून पॉयरोचे अनुमान चुकीचे ठरविले व खुनाचा आळ डॉक्टरच्या बहिणीवर घातला! पंडितांना रिकामपण असले म्हणजे काय होते याचा हा एक गोड नमुना आहे. तरी त्या ग्रंथाचीही गंमत मी लुटली हे नाकबूल करीत नाही.

परंतु न्याय की अन्याय हा प्रश्न, मला वाटते, पहिल्या वाचनापुरताच खरा. मला पहिले वाचन मिळालेच नाही. पेन्सिलीने मला एकदम दुसऱ्या वाचनाच्या दारात नेऊन सोडले. आणि तेथून पाहता पुस्तक निराळेच दिसते. खुनाच्या रात्रीचा प्रसंग घ्या. अ‍ॅक्रॉइड ते पत्र मोठ्याने वाचू लागतो, नाव येणार असे दिसताच थांबतो, आणि उरलेले एकांतात वाचीन म्हणतो. डॉक्टर त्याला पुढे वाचण्याचा आग्रह करतो. तो ऐकत नाही. पत्र आले तेव्हा नऊला वीस मिनिटे होती, डॉक्टर निघाला तेव्हा दहा. मधल्या दहा मिनिटांसंबंधी डॉक्टर एक अक्षरही खोटे लिहीत नाही. दाराच्या मुठीवर हात ठेवून तो क्षणभर घुटमळतो, मागे वळून पाहतो, काही करावयाचे राहिले तर नाही ना असा विचार करतो. अजाण वाचकाला यात मित्राची काळजी दिसते. जाणत्याला खोलीत मागे काय पडले आहे ते दिसते, आणि त्या साध्या वाक्याने अंगावर काटा येतो.

आपल्या परंपरेत याला नाव आहे. एकाच शब्दावलीतून दोन अर्थ अखंड वाहवीत नेणे हा श्लेष होय. कविराजाच्या 'राघवपांडवीया'त तेच श्लोक रामायणही सांगतात आणि भारतही. अशा काव्याकडे रसिकांनी कौतुकाने पाहिले, पण ते डोक्यावर घेतले नाही. ते बुद्धीचे कसब, त्यात हृदयाला हात घालणारे काही नाही, म्हणून त्याची पंगत खालची. रहस्यकथेवरील आक्षेपही तत्त्वतः हाच आहे. पुष्कळशा रहस्यकथांच्या बाबतीत तो खराही आहे. बंद खोली, उलटा फिरविलेला काटा, दोन जुळे भाऊ यांचा उलगडा झाला की हाती काही राहत नाही. सोडविलेले कोडे कोणी पुन्हा सोडवीत नाही. पण शेपर्डच्या श्लेषातील दुसरा अर्थ म्हणजे निव्वळ कसब नव्हे. तो एका माणसाचा स्वभाव आहे. भला, शेजारधर्म पाळणारा, आतून मात्र पोखरलेला. सट्ट्यात पैसा घालविलेला हा मनुष्य एका घाबरलेल्या स्त्रीला वर्षभर पिळतो आणि तिच्या मरणाची बातमी घेऊन घरी न्याहारीला येतो. आपण अस्वस्थ होतो हे तो पहिल्याच प्रकरणात आपल्याला सांगतोसुद्धा! रहस्य ठाऊक नसता ही अस्वस्थता वैद्याची वाटते. ठाऊक असता ती कसली आहे हे कळते, आणि तिथून पुढे प्रत्येक पान आपण त्याच्या खांद्यावरून वाचीत जातो.

गुन्हेगार ठाऊक असूनही छाती दडपून ठेवता येते, हे आमच्या शूद्रकाला फार पूर्वी माहीत होते. 'मृच्छकटिका'च्या आठव्या अंकात शकार वसंतसेनेचा गळा आवळतो ते आपण डोळ्यांनी पाहतो. नवव्या अंकात न्यायासनासमोर चारुदत्त उभा आहे, आणि नेमक्या त्याच वेळी मैत्रेयाच्या काखेतून तिचे अलंकार खाली पडतात. यात रहस्य कोणते? काहीच नाही. तरी तो पुरावा जमिनीवर खळ्ळ्‌कन पडतो तेव्हा प्रेक्षागारातील प्रत्येकाच्या तोंडून सुस्कारा निघतो. देवलांच्या नाट्यरूपाने हा प्रसंग मराठी प्रेक्षकाच्या चांगल्या ओळखीचा झाला आहे. तिसऱ्या अंकातला शर्विलक तर भिंतीला भोक कोणत्या आकाराचे पाडावे याचा शास्त्रशुद्ध विचार करतो आणि मापाला दोरी नाही म्हणून जानवे वापरतो. गुन्ह्याच्या कसबाचे इतके खट्याळ कौतुक आधुनिक कथाकारांतही थोड्यांना साधले असेल. पण शूद्रकाच्या नाटकात आणि इंग्रजी रहस्यकथेत एक भेद आहे, आणि माझ्या मते तोच मुद्द्याचा आहे. वसंतसेना मेली असे वाटते तेव्हा तिच्यासाठी रडणारे त्या नाटकात आहेत.

अ‍ॅक्रॉइडसाठी कोण रडतो? प्रेत सापडते, पोलीस येतात, खुर्ची कोणी हलविली, साडेनऊला आतून आवाज कोणाचा आला, याची चर्चा सुरू होते. तो आवाज यंत्रातून आलेला असतो, ही युक्ती मोठी नामी आहे. पण घरातील माणसे वारसाची चिंता करतात, स्वतःच्या बारीकसारीक लबाड्या झाकीत बसतात, आणि ज्याच्या घरात ती जेवत होती तो माणूस दोन दिवसांत केवळ एक पुरावा होऊन जातो. १९४५ साली एडमंड विल्सन या अमेरिकन टीकाकाराने एका लेखाचे नावच असे ठेवले की, रॉजर अ‍ॅक्रॉइडला कोणी का मारीना, त्याची पर्वा कोणाला आहे? लेख पक्षपाती आहे, काही ठिकाणी उद्धटही आहे. पण त्या नावात एक खरी वेदना नकळत आली आहे. त्याला मारले कोणी याची पर्वा सगळ्यांना आहे. तो मेला याची नाही.

आणि मिसेस फेरार्स? दुसऱ्या अर्थाने वाचताना मला सर्वांत अधिक दिसली ती हीच. ती कथेत जिवंत अशी येतच नाही. पुस्तक उघडते ते तिच्या मरणाच्या बातमीने. व्यसनी नवऱ्याबरोबर काढलेली वर्षे, एका दुबळ्या किंवा धीट क्षणी केलेले घोर कृत्य, आणि मग ज्या डॉक्टरने नवऱ्याची नाडी पाहिली होती त्याच डॉक्टरला दर खेपेस मोजून दिलेल्या नोटा. या बाईच्या त्या एका वर्षाची कादंबरी या कादंबरीच्या पोटात पुरून ठेवलेली आहे. शेवटच्या प्रकरणात शेपर्ड स्वतः लिहितो की, तिची आपल्याला कीव वाटत नाही. आणि स्वतःचा शेवट तिने केला त्याच औषधाने करावयाचे ठरवितो. लेखिकेला सारे दिसत होते, याविषयी मला शंका नाही. पण कोड्याच्या चौकटीत त्या बाईला बसावयास जागा नव्हती, म्हणून ती दाराबाहेरच राहिली. ख्रिस्तीबाईंच्या कलेवर माझा आक्षेप आहे तो एवढाच, आणि तो लहान नाही.

आता थोडे घराकडे वळू. माझ्या पिढीतील पुष्कळांप्रमाणे मीही बाबूराव अर्नाळकरांची पुस्तके भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचली आहेत. हजारावर पुस्तके लिहिणाऱ्या या ग्रंथकाराचे नाव आमच्या घरी उच्चारले की, वडील चष्मा काढून ठेवीत. त्याचा अर्थ आम्हाला कळत असे. आज आठवू पाहतो तर त्यांतील एकाही गोष्टीचे रहस्य मला आठवत नाही. आठवतो तो झुंजारचा रुबाब, काळा पहाड येणार अशी कुजबुज, आणि मध्यरात्रीच्या मुंबईतील एखाद्या बंगल्याच्या खिडकीतील दिवा. म्हणजे तेथेही रहस्य हे निमित्तच होते! गिरगावातील चाळीत वा आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी बसलेल्या पोराला ती मुंबई पाहावयाची होती. विद्वानांनी या पुस्तकांना वाङ्मयाच्या ओसरीवरही बसू दिले नाही, तो अन्याय झाला असे मी म्हणणार नाही. त्यांतील भाषा एका साच्यातून काढलेली आहे, माणसे नावापुरती आहेत. पण ती वाईट का, याचे उत्तर देताना 'त्यांत खून आहेत म्हणून' असे जे सांगितले जाई ते खोटे होते. त्यांतील खुनांचा कोणाला काही त्रास होत नाही, हा त्यांचा दोष होता. आणि तो दोष लंडनहून येणाऱ्या कापडी बांधणीच्या, मान्यवरांच्या कपाटात बसणाऱ्या पुस्तकांतही तितकाच होता. तिकडे मात्र आमच्या विद्वानांनी चष्मा काढला नाही.

येथवर आल्यावर एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. ती माझ्या विवेचनाला सोयीची नाही. वडील शेवटच्या दुखण्यात रुग्णालयात होते तेव्हा अकरा रात्री मी त्यांच्या उशाशी काढल्या. जाताना मी ज्ञानेश्वरी बरोबर नेली होती. एक चांगला कवितासंग्रहही होता. दोन्ही उघडवेनात. शब्द डोळ्यांपुढे येत, आत जात नसत. चौथ्या रात्री खालच्या फाटकापाशी एका विक्रेत्याकडे मिळालेली एक जुनी, कव्हर गेलेली रहस्यकथा घेऊन आलो आणि पहाटेपर्यंत वाचली. नंतरच्या रात्रींतही तेच केले. त्या पुस्तकांतून माणसे पटापट मरत होती, आणि कोणालाही काही होत नव्हते. मरणाचे कारण सापडत होते, ते कारण माणूस होता, आणि त्याला शेवटच्या पानावर पकडून नेत होते. शेजारच्या खाटेवर जे चालले होते त्याला असे कारण नव्हते. ज्या गोष्टीला मी वर दोष म्हटले आहे तीच त्या रात्री माझा आधार होती. एकदा मध्यरात्री वडिलांना जाग आली. त्यांनी माझ्या हातातले पुस्तक पाहिले, आणि क्षीण आवाजात विचारले, "सापडला का रे?" मी म्हटले, "नाही अजून." ते म्हणाले, "नोकर असेल." दोघांचेही त्या विषयावरील आयुष्यातील संभाषण एवढेच. तो नोकर नव्हता, पण ते सांगावयाचे राहून गेले.

तेव्हा वेदना नसलेले मरण हा या वाङ्मयाचा दोष की गुण, हे मला एका वाक्यात सांगता येत नाही. एवढे मात्र दिसते की, काही थोड्या लेखकांनी हा करार मोडून पाहिला आहे. फ्रीड्रिश ड्यूरेनमाट या स्विस लेखकाची १९५८ सालची एक कादंबरी आहे. तिच्या नावाचा अर्थ 'वचन', आणि उपशीर्षकात तिला रहस्यकादंबरीची उत्तरक्रिया म्हटले आहे. एका लहान मुलीचा खून होतो. मातेई नावाचा अधिकारी तिच्या आईला वचन देतो की, खुनी शोधून काढीन. तो नोकरी सोडतो, हमरस्त्यावर पेट्रोलची टपरी चालवितो, एका दुसऱ्या मुलीला, तिला नकळत, आमिष म्हणून जवळ ठेवतो आणि वाट पाहतो. त्याचा तर्क प्रत्येक पायरीवर अचूक असतो. खुनी येणारच असतो. आणि येताना वाटेत मोटारीच्या अपघातात मरतो.  मातेई मात्र वाट पाहत राहतो, दारू पिऊ लागतो, म्हातारा होतो. पॉयरोच्या बुद्धीला जे जग नेहमी वश होते ते येथे एका क्षुल्लक योगायोगाने हातावर तुरी देऊन निघून जाते. पण माझे लक्ष गेले ते निराळ्याच ठिकाणी. त्या आईला दिलेला शब्द कादंबरीच्या शेवटापर्यंत कोणी विसरत नाही. मेलेले पोर पुरावा होत नाही. त्याच वचनापायी मातेई एका जिवंत मुलीचे बालपण पणास लावतो, याचाही हिशेब लेखक सोडीत नाही. हे पुस्तक मी पुन्हा वाचू शकतो. पण रुग्णालयात नेले असते तर तेही उघडले नसते, हे मला पक्के ठाऊक आहे.

'अ‍ॅक्रॉइड'ची ती प्रत दुसऱ्या दिवशी वाचनालयात परत करावयाची होती. रहस्य हे रहस्यकथेचे सर्वस्व नव्हे, अशी माझी आदल्या रात्रीच खात्री पटलेली होती. इतकेच नव्हे तर त्या पेन्सिलवाल्याचे मी मनोमन आभारही मानले होते. तरी निघण्यापूर्वी मी मुलाच्या दप्तरातून रबर काढले आणि समासातील ते दोन शब्द व नावाखालची रेघ काळजीपूर्वक खोडून टाकली. कागद थोडासा फुगला. उजेडाकडे तिरपे धरले तर अक्षरांचे वळ अजून दिसत होते, म्हणून पुस्तक देताना मी ते पालथे घालून दिले.